पायपेटी

बत्तीस वर्षं मालवण–देवगड गाडीवर
तिकिटं फाडली.
चिमटा दांडीवर वाजवत
आचऱ्यापर्यंत तीनताल, पुढे चढणीला दादरा.
ड्रायव्हर धुरी म्हणायचा,
"वाजय, वाजय, नायतर गाडीक झोप येता."

रिटायर झालो. फंडातून पहिली पेटी घेतली.
बायको म्हणाली, "आदी छपराची कौलां."
मी म्हटलं, कौलं काय, दरवर्षी फुटतात.

खारा वारा आधी पितळ खातो.
दुसऱ्या वर्षी कोमल गंधार गेला,
मग धैवत घोगरा झाला,
आणि तिसऱ्या भाद्रपदात
भिंतीवरचं घड्याळ उतरवताना
माझी डावी बाजूच बंद पडली.
गाल, हात, पाय,
रात्रवस्तीच्या गाडीतून शेवटचे पासिंजर उतरावेत तसे
काही न बोलता उतरून गेले.

कणकवलीच्या डॉक्टरने रबरी चेंडू दिला.
दाबा.
आठ महिने दाबला. चेंडू मऊ झाला.
पेटी कपाटावर गेली,
पेटीवर पंचांग, पंचांगावर गोळ्या.
माणसं येत, पडवीत बसत, जाताना सांगत,
"देवान वाचवल्यान, आता नाम घेवा."
नामाचं मला वावडं नव्हतं.
पण भाता डाव्या हाताने मारायचा असतो,
आणि हे कोणाला सांगण्यासारखं दुःख नव्हतं.

वेंगुर्ल्याचा बस्त्याव फर्नांडिस,
शिलाई मशिनी आणि पेट्या दुरुस्त करतो,
जुनी पेटी मोडीत घ्यायला आला.
माझा हात बघितला, मग पाय.
"भातो मारूक हात कित्याक व्हयो?"

त्याच्या माळ्यावर पायपेटी होती,
कुठल्याशा नाटक कंपनीने भाड्यापोटी टाकलेली,
आत उंदरांची तीन बाळंतपणं.
त्याने भात्याला होडीच्या ताडपत्रीचं ठिगळ लावलं,
दोन्ही फळ्या काढून मशिनीचा एकच पायटा बसवला.
आता उजवा पाय हवा भरतो,
उजवा हात सूर शोधतो.
सगळं बिऱ्हाड एकाच खोलीत आलंय.

शिकवायला स्वरांगी, अकरावीतली,
सायकल माडाला टेकवून येते.
"आजोबा, भूप घेऊ. सोपा आहे. म नाही, नी नाही."
मी विचारलं, "मग अर्धवट नाही वाटत?"
तिने असं बघितलं
जणू मी ह्या वयात अर्धं तिकीट मागितलंय.
"अहो, पुरा राग आहे तो."

कार्तिकात देवळातल्या भजनाला बसलो.
हट्टानेच बसलो.
तिसऱ्या ओळीला पोटरीत गोळा आला,
पेटी म्हातारीसारखी खोकली.
तबलजीने हात मोठा करून सांभाळून घेतलं.
सांभाळून घेतलेलं सगळ्यांना कळतं.
टेम्पोतून परत येताना पेटी आणि मी
दोघेही दोरीने बांधलेले.
दोन आठवडे तिच्यावर पुन्हा पंचांग.

मग एका पहाटे डोळा उघडला,
पाय आपोआप खाली-वर होत होता
पांघरुणात.

आता रोज पावणेसहाला बसतो.
त्याच वेळी पहिली गाडी सुटते,
धुरीचा मुलगा चालवतो, वळणावर हॉर्न देतो.
पंचमाच्या किंचित खाली लागतो हॉर्न.
एकदा सांगायला हवं त्याला.

आज सा रे ग प ध, वरचा सा,
एका दमात चढलो.
उतरताना रे वर हवा संपली.
छपरातून पाणी पेटीच्या कडेला ठिबकतंय,
त्याखाली वाटी सरकवली, पायाला विसावा दिला,
आणि हाक मारली, चहा झाला का?

आतून भांड्यांचा आवाज थांबला.
"सा ऱ्हवलो हा.
आदी पुरो करा. मगे च्याय."